दुसरा मंगळवार आणि २० जीबी

महिन्याची ४ तारीख होती. सकाळी उठून फोन बघितला तर रात्रीचा मेसेज येऊन पडलेला: या महिन्याच्या डेटापैकी ५० टक्के वापरून झाला. मला वाटलं, मागच्या महिन्याचा मेसेज उशिरा आला असेल. तसं नव्हतं.

आमच्या घरात तारेने येणारं इंटरनेट नाही. माझा फोन हाच घराचा राउटर. महिन्याला २० जीबी मिळतात. ते संपले की वरचा पॅक मारायचा, आणि त्या वरच्या पॅकमधला एकेक जीबी मूळ जीबीच्या कितीतरी पट महाग पडतो. दिवसा वेग १ एमबीपीएसच्या आसपास असतो, मध्यरात्रीनंतर दुप्पट. या एका हॉटस्पॉटवर तीन मशीन जगतात: माझा विंडोजचा लॅपटॉप, धाकट्या भावाचा लिनक्सचा लॅपटॉप आणि बाबांचा जुना डेस्कटॉप.

आदल्या रात्री मी भाषांतराचं काम संपवून लॅपटॉप उघडाच चार्जिंगला ठेवला आणि हॉटस्पॉट बंद करायला विसरले. लॅपटॉपने आपणहून झोपू नये अशी सेटिंगही मीच कधीतरी करून ठेवलेली. म्हणजे रात्रभर त्याला मोकळं रान.

चोर शोधायला फार वेळ लागला नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली ‘डेटा युसेज’ नावाचं पान असतं. कुठल्या प्रोग्रामने किती खाल्लं याची यादी तिथे मिळते. सगळ्यात वर ब्राउझर असेल अशी माझी खात्री होती. वर होतं ‘सिस्टिम’, सुमारे ६ जीबी. तिथून अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत गेले. आत ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आणि त्याच्याही आत एक ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’. किती डेटा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून आला, किती घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आणि किती इंटरनेटवरच्या परक्या कॉम्प्युटरवरून, असे आलेख तिथे दिसतात. खाली आणखी एक भाग होता, आपण इतरांना किती दिलं त्याचा. तो शून्य नव्हता. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरशी देवघेव करायचं बटण चालू होतं, आणि मी ते पान त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा उघडत होते. म्हणजे माझ्या महागड्या डेटातून मी अनोळखी लोकांना अपडेट वाटत होते. एरवी मला दानधर्माचं वावडं नाही, पण ते जाणूनबुजून केलेलं बरं.

मुळात झालं असं होतं की लॅपटॉपला हॉटस्पॉट हा साधा वायफायच वाटतो. त्याच्या पलीकडे मोजूनमापून विकत घेतलेला डेटा आहे हे त्याला कोण सांगणार? फोनमध्ये आपण ‘फक्त वायफायवर अपडेट करा’ असं निवडून निश्चिंत होतो. तीच गल्लत उलट बाजूने लॅपटॉपवर होते. वायफाय म्हणजे फुकट, असं या सगळ्या यंत्रणांनी धरूनच ठेवलेलं असतं.

त्या सकाळी मी कागदावर एक हिशोब मांडला. वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, मध्ये ८ चा भागाकार. म्हणजे १ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ केबी, तासाला ४५० एमबी. तेही काही अडथळा न येता. ४ जीबीच्या अपडेटला जवळपास ९ तास. हा ४५० चा आकडा मी अजून पाठ ठेवला आहे. कुठलीही फाइल दिसली की आधी त्याने भागते.

मग चिडलेला माणूस जे करतो ते मी केलं. अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकली. पुढचे जवळजवळ पाच महिने परमशांती.

ती शांती मोडली भावाने. जेवताना विषय निघाला तर म्हणाला, “ताई, तू दार उघडं टाकून झोपतेस आणि वर म्हणतेस, बघा, कडी लावायचे कष्ट वाचले.” मग त्याने वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसची गोष्ट काढली. १२ मे २०१७ ला ते जगभर पसरलं आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. पण ज्या भगदाडातून ते घुसलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं, ५९ दिवस आधी. ज्यांनी ते घातलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या भगदाडातून शिरणं त्याला जमलं नाही. मी गप्प बसले, कारण माझे ५९ दिवस केव्हाच उलटून गेले होते.

आता पाच महिन्यांची थकबाकी एकदम भरावी लागणार म्हणून पोटात गोळा आला होता. तो मात्र फुकट निघाला. विंडोजची मासिक अपडेट्स साठत जाणारी असतात. ताज्यात मागची सगळी आलेली असतात, त्यामुळे पाच हप्ते भरायचे नव्हते, एकच पुरला. तेव्हापासून ते कधी येतं याकडे मी लक्ष ठेवायला लागले. २००३ पासूनची रीत अशी की महिन्याचा दुसरा मंगळवार. महिन्याच्या उत्तरार्धात एखादं ‘प्रिव्ह्यू’ म्हणून येतं, ते ऐच्छिक असतं आणि त्यातला माल पुढच्या दुसऱ्या मंगळवारच्या अपडेटमध्ये येतोच. त्याला मी हात लावत नाही. सर्व्हिस बंद करण्याऐवजी आता ‘पॉज’ वापरते. विंडोज १० आणि ११ मध्ये जास्तीत जास्त ५ आठवडे थांबवता येतं, पण ती मुदत संपली की आधी अपडेट घ्यावं लागतं, मगच पुन्हा थांबवता येतं. मला ही अट आवडते. माझ्यासारखीला पाच महिने झोपू देत नाही.

दुसरं काम, हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून खूण करणं. वायफायच्या नावावर जाऊन एक बटण सरकवायचं. ते सरकवलं की मोठी अपडेट्स आपोआप उतरत नाहीत, परक्या कॉम्प्युटरना वाटपही थांबतं. अगदी निकडीचं काहीतरी तरीही येऊ शकतं, पण त्याचा मला कधी त्रास जाणवला नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ४ तारखेची सकाळ बरी गेली असती.

तरी मी पुन्हा भाजलेच. वर्षभराने फोन बदलला. नव्या फोनचा हॉटस्पॉट, त्याचं नवं नाव. मीटर्डची खूण असते त्या त्या नेटवर्कच्या नावाला चिकटलेली. लॅपटॉपच्या दृष्टीने हा कुणी नवा पाहुणा, त्याची पाटी कोरी. दोन दिवसांत दीड जीबी गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता फोन कुठलाही असो, हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड मी तेच ठेवते, अगदी जुन्या फोनमधून अक्षर न् अक्षर बघून. मग घरातल्या सगळ्या मशीनना तो जुनाच ओळखीचा वाटतो.

आणि मीटर्डची खूण पाळायची की नाही हे ज्या त्या प्रोग्रामच्या मनावर असतं. सिस्टिम पाळते. फाइली ढगात चढवणारे काही प्रोग्राम पाळतात. बाकी ब्राउझर, छपाईयंत्राचं सॉफ्टवेअर, गेम चालवणारे प्रोग्राम यांची प्रत्येकाची आपापली खिडकी असते आणि ती आत जाऊन हातानेच लावावी लागते. मी एका रविवारी बसून सगळ्या लावल्या. कंटाळवाणं काम आहे, त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

आता बाबांचा डेस्कटॉप. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपणार होता आणि ११ घालण्याइतकं ते मशीन नवं नव्हतं. भावाने ठरवलं, बाबांना लिनक्स द्यायचं, आणि नेमकं तेच जे त्याच्या लॅपटॉपवर आहे: उबुंटू नावाच्या लिनक्सची तीच आवृत्ती. तेच का, याचं कारण पुढे येईल. त्याची आयएसओ फाइल, म्हणजे बसवायच्या अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, साडेतीन जीबीच्या आसपास. मी म्हटलं, “मी उतरवते.” पाठ केलेल्या ४५० ने भागलं. आठ तास, रात्री चार. एका रात्रीचं काम.

ब्राउझरवर मी एवढ्या मोठ्या फाइलीचा भरवसा ठेवत नाही, कारण यापूर्वी एकदा दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरच्या बाबतीत ९७ टक्क्यांवर कनेक्शन तुटून सगळं शून्यावर आलेलं मी बघितलं आहे. त्यामागचं कारण साधं आहे. अर्धवट फाइल पुढे चालू करायची तर सर्व्हरला ‘इथपासून पुढचं दे’ असं सांगता यावं लागतं. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून ही सोय आहे. सर्व्हर मानणारा असेल तर उत्तर येतं २०६, म्हणजे हा घ्या उरलेला तुकडा. न मानणारा असेल तर येतं २००, म्हणजे घ्या, पहिल्यापासून सगळं. त्या ९७ टक्क्यांच्या वेळचा सर्व्हर २०० वाला होता. आणखी एक मेख म्हणजे काही ठिकाणचे डाउनलोडचे दुवे २४ तासच चालतात. ज्याने तो नियम केला त्याच्या घरी २४ तास म्हणजे भरपूर वेळ असणार.

म्हणून मी एरिया२ नावाचा डाउनलोडर लावला. तो एक फाइल चार तुकड्यांत, चार बाजूंनी एकदम ओढतो. पहाटे बघितलं तर लॅपटॉप बंद पडलेला, चार्जरचा प्लग सैल. फाइल मात्र फोल्डरमध्ये होती, पूर्ण आकाराची. तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी एरिया२ लावलेली एक चिमुकली फाइल होती. मला वाटलं कचरा असेल. मोठी फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, चिमुकली उडवली. मग खात्रीसाठी डब्ल्यूगेट नावाच्या दुसऱ्या साधनाला सांगितलं, हीच फाइल पुढे चालू कर. त्याने उत्तर दिलं: फाइल पूर्ण उतरलेली आहे, करण्यासारखं काही नाही. मी खूश.

भाऊ म्हणाला, “चेकसम ताडून बघ, मग खूश हो.”

आयएसओच्या पानावर तिचा चेकसम, म्हणजे शा-२५६ पद्धतीने काढलेला फाइलचा ठसा, दिलेला असतो, आकडे आणि अक्षरं मिळून ६४. आपल्या फाइलचा ठसा आपण काढायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आहेच, वेगळं काही लागत नाही. भाऊ पानावरचा ठसा वाचायला बसला, मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून. तो म्हणाला, “आठ.” माझ्याकडे होता ‘सी’. पुढे वाचायची गरजच नव्हती. फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो.

मग त्याने मला माझीच चूक समजावली. एरिया२ सुरुवातीलाच पूर्ण लांबीची जागा अडवून ठेवतो आणि चार ठिकाणांहून ती भरत जातो. कुठे कुठे भरायचं राहिलंय याची नोंद असते त्या चिमुकल्या फाइलमध्ये, जी मी कचरा म्हणून फेकली. डब्ल्यूगेट बिचारं फक्त लांबी बघतं. लांबी पूर्ण, म्हणजे फाइल पूर्ण. मधली भोकं त्याला दिसत नाहीत. पूर्ण विणलेला वाटावा असा स्वेटर, आणि चार ठिकाणी टाके सुटलेले.

पुन्हा साडेतीन जीबी? माझं तोंड उतरलेलं बघून तो म्हणाला, “तेच बाइट दुसऱ्यांदा विकत घ्यायचे नाहीत. झेडसिंक आहे ना.” उबुंटूच्या आयएसओशेजारी झेडसिंकची एक छोटी फाइल ठेवलेली असते. तिच्यात मूळ फाइलच्या छोट्याछोट्या तुकड्यांचे ठसे असतात. झेडसिंकला आपली भोकं पडलेली फाइल दाखवली की तो तुकडा न् तुकडा ताडून बघतो, जुळणारे घरातूनच उचलतो आणि न जुळणारे तेवढे नेटवरून आणतो. मूळ कल्पना आरसिंक नावाच्या जुन्या साधनाची, १९९६ ची. लॅपटॉपचा पंखा बराच वेळ घोंघावत राहिला आणि नंतर खाली आले फक्त ३४० एमबी. पुन्हा ठसा काढला, पुन्हा वाचायला बसलो. “आठ.” “आठ.” या वेळी ६४ च्या ६४ वाचले, गरज नसताना. मजा वाटत होती म्हणून.

हे वाक्य, तेच बाइट दुसऱ्यांदा विकत घ्यायचे नाहीत, तेव्हापासून आमच्या घरात चालू पडलं. बाबासुद्धा म्हणतात.

बाबांच्या मशीनवर भावासारखंच उबुंटू घातलं त्याचं कारणही हेच. उबुंटूत ॲप्ट नावाची यंत्रणा अपडेट आणते. उतरवलेलं प्रत्येक पॅकेज ती आधी आपल्या कोठीत, म्हणजे कॅशच्या फोल्डरमध्ये ठेवते, मग बसवते. आवृत्ती तीच आणि प्रोसेसरची जात तीच असेल तर एका मशीनची कोठी दुसऱ्या मशीनमध्ये ओतली तरी चालते. मग दुसऱ्याला नेटवरून फक्त याद्या आणि जे कमी पडेल तेवढं लागतं. सुरुवातीला आम्ही पेनड्राइव्हने ओतायचो. ॲप्टची एक गोष्ट मला फार आवडते. काही करण्याआधी ती सांगते की एकूण अमुक एमबीपैकी तमुक एमबी नेटवरून आणावे लागतील, आणू का? आणि आपण ‘हो’ म्हणेपर्यंत थांबते. आधी आकडा, मग परवानगी. सगळ्या सॉफ्टवेअरना ही रीत लावता आली तर माझी अर्धी कुरकुर संपेल.

एकदा मी कोठी ओतायला गेले तर रिकामी. भावाला विचारलं. “अगं, डिस्क भरत आली होती म्हणून ॲप्ट क्लीन मारला,” तो म्हणाला. दोन महिन्यांची पॅकेजेस, चौदाशे एमबी. त्याचा चेहरा बघून मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं नाही. बाबांनी ऐकवलं.

त्यानंतर त्याने ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलं, बाबांच्याच डेस्कटॉपवर, कारण तो दिवसभर चालू असतो. आता दोघांची मशीन पॅकेज मागताना आधी याच्याकडे येतात. याच्याकडे असेल तर घरातल्या घरात मिळतं, नसेल तर हा एकदा नेटवरून आणतो आणि ठेवून घेतो. पहिल्याला ४५० चा हिशोब, दुसऱ्याला डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर. ॲपल मशीनवाल्यांसाठी असंच ‘कंटेंट कॅशिंग’ मॅकओएसमध्ये २०१७ च्या हाय सिएरापासून आयतंच येतं, पण आमच्याकडे मॅक नाही.

विंडोजवाली मी एकटीच उरले. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर अपडेटचा केबी क्रमांक (हा त्या अपडेटचा ओळख क्रमांक, किलोबाइटशी त्याचा संबंध नाही) टाकला की ते सुटं उतरवता येतं, आकारही समोरच लिहिलेला असतो. पण एकाच मशीनसाठी घरच्या डेटावर ते उतरवणं बहुधा तोट्याचं, कारण ती पूर्ण फाइल असते, आणि विंडोज स्वतः अपडेट करतं तेव्हा आपल्या मशीनला लागेल तेवढाच भाग आणायचा प्रयत्न करतं. तीन-चार विंडोज मशीन असतील, किंवा फाइल दुसरीकडच्या चांगल्या कनेक्शनवरून आणायची असेल, तर कॅटलॉग. मासिक अपडेट मी घरीच घेते. वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या आवृत्तीसाठी बाहेर जाते.

बाहेर म्हणजे मैत्रिणीच्या ऑफिसात. तिने तिच्या साहेबांना रीतसर विचारून ठेवलं होतं. विंडोजची आयएसओ, ५ जीबीच्या वर, तिथे काही मिनिटांत उतरली. उतरताना बघत बसावंसं वाटलं, पट्टी अशी सरसर पुढे. मग ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावला, फाइल ओढून सोडली, तर उत्तर: फाइल फार मोठी आहे. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणि ५ जीबीची फाइल मोठी! मी पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, परत लावला. तेच. तेव्हा मला माहीत नव्हतं की तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, जागा कितीही असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायला दहा सेकंद लागले असते. पण त्यात कामाच्या फाइली होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी हात हलवत परत आले. पुढच्या खेपेला रिकामा, एक्सफॅट केलेला, वर ‘रिकामा’ अशी चिठ्ठी चिकटवलेला पेनड्राइव्ह घेऊन गेले.

घरी आल्यावर आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते. आत सेटअप. तो पहिल्याच पडद्यावर नेटवरून आणखी अपडेट आणायला निघतो, पण तिथेच एक बारीक दुवा असतो, सेटअप अपडेट कसं आणतो ते बदला. त्यावर जाऊन ‘आत्ता नको’ निवडायचं. मी तरी हॉटस्पॉटच बंद ठेवला. सेटअपवर विश्वास नाही असं नाही, पण नळ बंद असला की गळतीचा प्रश्नच येत नाही.

वेगाबद्दलही थोडं. डाउनलोड मागे चालू असताना माझा कामाचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून, २००१ पासून, मागे राहून गुपचूप डाउनलोड करणारी एक सर्व्हिस आहे, बिट्स नावाची. वापरात नसलेला वेग तेवढाच ती घेते. पण मशीनला दिसते ती त्याची स्वतःची गर्दी. बाबांच्या मशीनवर विंडोज होतं तेव्हा ते म्हणायचं, माझ्याकडे सगळं शांत आहे, घेऊ या. पलीकडच्या खोलीत मी कॉलवर रोबोटसारखी बोलत असायचे. उपाय म्हणून डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये किती एमबीपीएस वापरायचे ते ठरवून टाकलं, ॲप्टलाही सेकंदाला किती केबी याची मर्यादा घातली. थोडं कमीच घातलंय. रात्री काय, लागू दे दोन तास जास्त.

फोनचं सांगायचं तर प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद आहे आणि हप्त्याला एकदा यादी उघडून हाताने निवडते: बँकेचं ॲप, ब्राउझर, निरोपांचं ॲप. बाकीच्यांनी रांगेत थांबावं. ॲपचं अपडेट म्हणजे पूर्ण ॲप पुन्हा येतं असं मी समजत होते, पण जुन्या आणि नव्यातला फरक तेवढाच पाठवायची युक्ती प्ले स्टोअर बऱ्याच वर्षांपासून वापरतं. लिनक्सच्या जगातही फेडोरा नावाच्या लिनक्सने २००९ मध्ये तशी सोय आणली होती, पॅकेजमधला फरक तेवढाच उतरवायचा. २०२४ च्या फेडोरा ४० मध्ये ती बंद केली. सांभाळायला कटकट आणि फायदा थोड्यांना, असा त्यांचा हिशोब, तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्या थोड्यांमध्ये आम्ही बसतो, हेही खरं.

सध्या बाबांच्या डेस्कटॉपशेजारी भिंतीवर एक वही लटकते. दुसऱ्या मंगळवारी मी त्यात केबी क्रमांक लिहिते आणि आठवडाभर थांबते. नव्या अपडेटने कुणाचं काही बिघडलं असेल तर तेवढ्यात बोभाटा होतो. मग एका रात्री पॉज काढते, हॉटस्पॉट चालू, चार्जरचा प्लग हाताने दाबून बघते. ऐच्छिक, जड, नसलं तरी चालेल असं सगळं महिन्याच्या शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं, कारण उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जात नाही, बुडतो.

काल ती शेवटची रात्र होती. फोनमध्ये १.३ जीबी शिल्लक. अकराच्या सुमाराला भावाने आतून हाक मारली, “ताई, ॲप्ट ४१२ एमबी म्हणतंय. हो म्हणू?”

“बाबांच्या मशीनवरून मागतोयस ना?”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग कीबोर्डची खडखड.

“आता मागतोय. ॲप्ट अजून ४१२ च म्हणतंय, पण बाबांच्या कोठीत बघितलं, नेटवरून ३८ च लागतील.”

“म्हण हो.”